पहाटेच्या थंडीत इंजिन मिसिंग मारतंय: घरी बांधलेल्या आरव्ही-९ए साठी सल्ला हवा

आकाशकंदील (धागालेखक)

नमस्कार मंडळी. बऱ्याच महिन्यांनी लिहितोय आणि जरा लांबण लावतोय, कारण अर्धवट माहितीवर कोणी सल्ला द्यावा असं हे प्रकरण नाही.

मी ओहायोत राहतो. गॅरेजमध्ये सात वर्षं खपून आरव्ही-९ए हे छोटं विमान बांधलं. दोघं शेजारी शेजारी बसतात, सगळं अंग ॲल्युमिनियमचं, पुढे १६० अश्वशक्तीचं लायकमिंग ओ-३२०, कार्ब्युरेटर, दोन मॅग्नेटो (प्लगना ठिणगी पुरवणारी यंत्रं). आजवर ६१० तास उडालंय आणि इंजिनाने एकदाही दगा दिलेला नाही.

दुखणं असं: गेले तीन शनिवार सकाळी इंजिन सुरू केलं की पहिली दोन मिनिटं सगळं विमान थरथरतं. तीनच पायांवर चालल्यासारखं. मग अचानक एक हिसका बसतो आणि इंजिन सुरळीत होतं. त्यानंतर एकेका मॅग्नेटोवर चालवून पाहिलं तर डाव्यावर मिनिटाला ७० फेरे कमी, उजव्यावर ८०. पूर्ण थ्रॉटलला जोर व्यवस्थित. दुपारी पुन्हा सुरू केलं तर काही तक्रार नाही.

प्लग काढून साफ केले, अंतर बघून बसवले. टाकीच्या तळातून इंधन काढून पाहिलं, पाणी नाही. कार्ब हीट (कार्ब्युरेटरला गरम हवा) बंद-चालू करून पाहिली. फरक शून्य.

पहिल्या शनिवारी, सुरळीत झालं म्हणून, उडून आलो. दुसऱ्या शनिवारीही. तिसऱ्या शनिवारी हात आखडला आणि विमान हँगरमध्ये ढकललं. आमच्या मळ्यातलं पाण्याचं इंजिन बाबा आवाजावरून ओळखायचे. आवाज बदलला की आधी बंद करायचे, मग पाना शोधायचे. ते आठवलं.

क्षितिजा

बाबांचं ऐकलंत ते फार बरं केलंत. मी टेक्सासमध्ये शिकाऊ वैमानिकांना उडायला शिकवते, आमच्याकडच्या विमानांतही हेच इंजिन आहे. कारण सापडेपर्यंत कृपया उडू नका. "गरम झाल्यावर ठीक होतं" हे वाक्य मी दोनदा ऐकलंय आणि त्यातलं एक विमान शेतात उतरवावं लागलं. माणसं वाचली.

दोन गोष्टी सांगा. प्रत्येक सिलिंडरचं ईजीटी (एक्झॉस्टच्या वायूचं तापमान) दिसतं का? आणि थरथर चालू असताना किल्ली डाव्या-उजव्या मॅग्नेटोवर फिरवून पाहिलीत का?

घाटवाट

मला प्लगचाच संशय आहे. १००एलएल या विमानाच्या पेट्रोलमध्ये शिसं असतं. जमिनीवर श्रीमंत (जास्त इंधनाच्या) मिश्रणावर बराच वेळ टॅक्सी केली, म्हणजे चाकांवर फिरवलं, की खालच्या प्लगमध्ये शिशाचे मणी साचतात. साफ करूनही एखादा आतून तडकलेला असू शकतो. प्लग कधी हातातून पडला होता का? पडलेला प्लग परत लावायचा नसतो, वरून कितीही धडधाकट दिसला तरी.

दुसरी शक्यता इनटेकच्या, म्हणजे हवा-इंधन आत नेणाऱ्या, नळीत हवेची गळती. त्या सिलिंडरचं मिश्रण पातळ होतं आणि आयडलला (अगदी कमी फेऱ्यांवर) अडखळतं.

आकाशकंदील

क्षितिजा, दोन्हींची उत्तरं आहेत. इंजिन मॉनिटर दर सेकंदाला नोंद ठेवतो, काल रात्री तिन्ही शनिवारच्या नोंदी उतरवल्या. तिन्ही वेळा एकच चित्र: १, २ आणि ४ नंबरचं ईजीटी सुरू होताच चढतं, ३ नंबरचं जमिनीवरच लोळतं. पहिल्या शनिवारी ५० सेकंद, दुसऱ्या ८५, तिसऱ्या १३०. म्हणजे वाढतंय. हा आकडा आधी पाहिला असता तर दुसऱ्या शनिवारी उडालोच नसतो.

तिसऱ्या शनिवारी किल्लीही फिरवली. डावा, उजवा, दोन्ही, काहीच बदल नाही.

घाटवाट, म्हणूनच प्लगवर माझा विश्वास बसत नाही. एका सिलिंडरला दोन प्लग, दोन वेगळ्या मॅग्नेटोंवर. एक गेला तर किल्ली फिरवल्यावर फरक कळायला हवा. दोन्ही एकदम मरून दोन मिनिटांनी एकदम जिवंत होणार नाहीत. आणि इनटेकची गळती असती तर गरम इंजिनही आयडलला कुरकुरलं असतं.

घाटवाट

मान्य. प्लगचा मुद्दा मागे घेतो.

जुना_मेकॅनिक

एएमई (विमान देखभाल अभियंता) म्हणून ३४ वर्षं काढली, आता पुण्यात निवृत्त. अरे आकाशकंदील, तुझ्या तीन नंबरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, जळका वायू बाहेर सोडणारी झडप, गाइडमध्ये (तिची दांडी सरकते त्या नळीत) अडकतोय. या दुखण्याला इंग्रजीत "मॉर्निंग सिकनेस", सकाळची मळमळ, म्हणतात, लायकमिंगवाल्या प्रत्येक हँगरला ते नाव माहीत आहे.

आत काय होतं ते समजून घे. एक्झॉस्ट व्हॉल्व्हची दांडी पोकळ, आत सोडियम भरलेलं. सोडियम गरम झालं की वितळून वरखाली हिंदकळतं आणि व्हॉल्व्हच्या डोक्याची उष्णता दांडीत आणतं. दांडीतून ती गाइडमध्ये जाते, तिथून सिलिंडर हेडमध्ये. म्हणजे गाइड कायम भाजत असतं. तिथे पोचणारं थोडंसं तेल जळून कोळसा होतं, त्यात इंधनातलं शिसं मिसळतं आणि गाइडच्या आत खरपुडी धरते, दुधाच्या पातेल्याला तळाशी धरते तशी. दांडी आणि गाइड यांच्यामधली फट मुळात केसाएवढी. इंजिन थंड झालं की गाइड आवळतं, खरपुडी दांडीला पकडते आणि व्हॉल्व्ह अर्धवट उघडा राहतो. सिलिंडरमध्ये दाबच तयार होत नाही, मग पेटणार काय? बाकीच्या तीन सिलिंडरांनी हेड तापवलं की पकड सुटते. तो तुझा हिसका.

आज उघडा अडकतोय. उद्या उडताना बंद असताना अडकला तर व्हॉल्व्ह उघडणारा रॉकर ढकलत राहणार, व्हॉल्व्ह हलणार नाही आणि रॉकरला रेटणारी दांडी, पुशरॉड, वाकणार. त्याच्या आवरणाची नळी फुटली की तेल बाहेर. क्षितिजाबाईंनी सांगितलेलं शेत तिथून लांब नसतं.

कॉम्प्रेशन चाचणी (सिलिंडर दाब किती धरतो ते बघणारी) करशील तर फसशील. ती गरम इंजिनावर करतात आणि गरम असताना तुझा व्हॉल्व्ह शहाणा आहे. ८० पैकी ७६ दाखवेल. खरी परीक्षा थंड इंजिनावर, हाताने. रात्रभर थंडीत राहू दे. सकाळी सुरू न करता प्रोपेलर हाताने सावकाश फिरव. दोन पूर्ण फेऱ्यांत चार वेळा दाब लागला पाहिजे. एक ठिकाण पोकळ गेलं तर तिथे कान दे: एक्झॉस्टमधून फुस्स आलं तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, कार्ब्युरेटरकडून आलं तर इनटेक.

हात लावण्याआधी चाकांना ठोकळे, शेपटी बांधलेली, मिश्रण पूर्ण बंद, थ्रॉटल मागे, किल्ली खिशात. आणि तरीही इंजिन पेटणारच आहे असं समजून उभा राहा. मॅग्नेटोला बंद करणारी पी-लीडची तार तुटलेली असेल तर किल्ली खिशात असूनही मॅग्नेटो जिवंत असतो. शेवटचं बंद करताना आयडलला किल्ली क्षणभर "ऑफ"वर नेऊन इंजिन मरतंय का ते पाहिलं होतंस का?

आकाशकंदील

काका, पाहिलं होतं, मरतं. ती सवय आहे.

आज सकाळी सात वाजता, शून्याखाली चार अंश, सांगितलंत तसं केलं. दाब, दाब, पोकळ, दाब. पुन्हा फिरवलं, पुन्हा तेच. शेजारच्या हँगरवाल्याला एक्झॉस्टच्या तोंडाशी उभं केलं होतं. पोकळ जागी त्याला हवा सुटल्याचा आवाज स्पष्ट आला.

आता सिलिंडर उतरवावा लागेल का?

जुना_मेकॅनिक

नको. सिलिंडर उतरवणं म्हणजे क्रँककेस आवळून धरणाऱ्या बोल्टांना हात घालणं. ते काम चुकलं तर आताच्या दुखण्यापेक्षा मोठं दुखणं ओढवतं. दोरीने काम होईल.

रॉकरचं झाकण काढ, रॉकर आणि पुशरॉड काढ. एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या टोकावर एक छोटी टोपी असते, सुटीच बसलेली. ती आधी काढून डबीत ठेव, ती हरवणारा तू पहिला नसशील. पिस्टन कॉम्प्रेशनच्या फेरीत अर्ध्यावर आण, दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले हवेत. प्लगच्या भोकातून स्वच्छ नायलॉनची दोरी आत सोड, आठ-दहा फूट. दुसरं टोक बाहेर, त्याला मोठी गाठ. आता प्रोपेलर हळूच फिरव. पिस्टन वर येऊन दोरीचा गोळा व्हॉल्व्हवर दाबून धरेल. मग स्प्रिंग दाबून दोन्ही कॉटर (स्प्रिंग दांडीला अडकवून ठेवणारे छोटे तुकडे) काढ, स्प्रिंगा काढ.

पिस्टन परत खाली घे, दोरी ओढून घे, मग व्हॉल्व्ह सिलिंडरच्या आत ढकल. इथून पुढे प्रोपेलरला कोणी हात लावायचा नाही. आत व्हॉल्व्ह सुटा पडलाय. पिस्टन वर आला तर दोन्ही जातील. प्रोपेलरवर चिठ्ठी लाव, दोन्ही पात्यांना.

गाइडमध्ये योग्य मापाचं रीमर (भोक आतून खरवडणारं हत्यार) घाल, खाचांत ग्रीस भरून, म्हणजे कोळसा ग्रीसला चिकटून बाहेर येईल. मापाचा अंदाज लावू नकोस, तुझ्या इंजिनाचं पुस्तक बघ. लायकमिंगची सर्व्हिस इन्स्ट्रक्शन १४२५ याच कामासाठी आहे, ती छापून बाकावर ठेव. दांडी प्लगच्या भोकातून थोडी बाहेर डोकावते, तिथेच पुसून घे. लवचिक चिमट्याने तिला परत गाइडमध्ये ओढ. बसल्यावर बोटाने वरखाली करून बघ, स्वतःच्या वजनाने सरकली पाहिजे.

आणि लायकमिंगच्या सर्व्हिस बुलेटिन ३८८ प्रमाणे व्हॉल्व्हची हालचाल डायल गेजने मोज. फार कमी हलला तर खरपुडी उरली, फार हलला तर गाइड झिजलं. हे दर ४०० तासांनी करायचं असतं. तू ४०० ला केलं होतंस?

आकाशकंदील

नाही केलं. बुलेटिन वाचलं होतं. इंजिन उत्तम चाललंय, उगाच कशाला उघडा, असं म्हणून पान उलटलं. एक्सपेरिमेंटल विमानाला बुलेटिन बंधनकारक नसतं, हेही मनात होतं. चूक माझी.

गोदाकाठ

मी नाशिकला एएमईचा अभ्यास करतोय. मध्येच विचारतो, क्षमा असावी. अमेरिकेत स्वतःच्या विमानाचं इंजिन असं स्वतः उघडायला परवानगी असते?

शाळेत असताना २०१६ मध्ये बाबांबरोबर बीकेसीला "मेक इन इंडिया" सप्ताहात गेलो होतो. अमोल यादव यांनी कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर बांधलेलं सहा आसनी विमान तिथे ठेवलं होतं. त्याची नोंदणी व्हायला २०१७ उजाडलं. त्या विमानापाशी उभा राहूनच मी हा अभ्यास निवडला. पण बांधल्यानंतर पुढची वर्षानुवर्षं काळजी कोण आणि कशी घेतं, हे कुठे वाचायला मिळत नाही.

क्षितिजा

क्षमा कसली, प्रश्न चांगला आहे. इथे निम्म्याहून अधिक काम हौशी माणसाने शिकण्यासाठी वा करमणुकीसाठी केलेलं असेल तर विमानाला "एक्सपेरिमेंटल, हौशी बांधणी" असं प्रमाणपत्र मिळतं. अशा विमानाची दुरुस्ती कोणीही करू शकतो, मालक असो की मित्र. मात्र दर १२ महिन्यांनी संपूर्ण तपासणी करून "सुरक्षित उड्डाणाच्या स्थितीत" अशी सही लागते. ती सही ए-अँड-पी (विमानाचं अंग आणि इंजिन दोन्हींच्या) परवान्याचा मेकॅनिक करतो, किंवा मुख्य बांधणाराने त्या एका विमानापुरतं रिपेअरमन प्रमाणपत्र घेतलं असेल तर तो. विमान विकलं की बांधणाराचा तो हक्क आपोआप नव्या मालकाकडे जात नाही.

नवीन विमानाला आधी ठरलेल्या भागातच उडावं लागतं: प्रमाणित इंजिन-प्रोपेलरची जोडी असेल तर २५ तास, नाहीतर ४०. त्या काळात प्रवासी न्यायचा नसतो.

परवानगी सैल आहे म्हणून जबाबदारी सगळी स्वतःवर येते. माझ्या ओळखीचे चांगले बांधणारे अवघड काम झाल्यावर दुसऱ्या जाणत्या माणसाला बोलावतात आणि काही न सांगता "बघ" म्हणतात.

आकाशकंदील

झालं. दोन रविवार लागले.

दोरी, कॉटर, स्प्रिंगा हे सगळं काकांनी लिहिल्याबरहुकूम गेलं. टोपी मात्र डबीत ठेवण्याआधी बोटांतून निसटली आणि काउलच्या (इंजिनावरच्या आवरणाच्या) खालच्या भागात गेली. चाळीस मिनिटं बॅटरी घेऊन शोधली. ती सापडल्याशिवाय पुढचा नट फिरवायचा नाही असं ठरवलं होतं. एक्झॉस्टच्या नळीमागे सापडली.

रीमर पहिल्यांदा बाहेर आलं तेव्हा ग्रीस काळंकुट्ट आणि खरखरीत. तीनदा पुसून घातलं, चौथ्यांदा ग्रीस जवळजवळ स्वच्छ आलं. दांडीवर वरच्या बाजूला तपकिरी पट्टा होता, हाताला जाणवणारा. व्हॉल्व्हचं तोंड बोअरस्कोपने (आत डोकावणाऱ्या छोट्या कॅमेऱ्याने) पाहिलं: रंग सगळीकडे सारखा, एका कडेला हिरवट-लाल डाग वगैरे नाही, म्हणजे जळत नव्हता. हे पाहून खूप बरं वाटलं.

मग प्रश्न उरला की तीनच नंबर का? जुन्या नोंदी काढल्या. चढताना ३ नंबरचं सीएचटी (सिलिंडर हेडचं तापमान) कायम ४१० फॅरनहाइटच्या आसपास, बाकीचे ३८०. लायकमिंगची कमाल मर्यादा ५०० आहे म्हणून मी कधी मनावर घेतलं नाही. आता बॅफल (थंड हवा सिलिंडरभोवती वळवणारा पत्रा) उतरवून पाहिलं. ३ नंबर उजवीकडचा मागचा. त्याच्या मागच्या बाजूला थंडाव्यासाठीच्या धातूच्या कडा (फिन) फार उथळ असतात आणि बॅफलचा पत्रा थेट त्यांना चिकटून बसला होता. हवेला खाली जायला वाटच नाही. हा पत्रा मीच कापला, मीच बसवला, आणि तेव्हा तो घट्ट बसला याचं समाधान मानलं होतं. आता पत्रा आणि सिलिंडरच्या मध्ये वॉशर घालून फट ठेवली आहे आणि कडा उच्च तापमानाच्या लाल सिलिकोनने बंद केल्या आहेत.

दुसरं कारण माझी टॅक्सीची पद्धत. आमची धावपट्टी लांब आहे, दहा-दहा मिनिटं मी पूर्ण श्रीमंत मिश्रणावर फिरत होतो. आता सुरू होताच मिश्रण इतकं पातळ करतो की चुकून थ्रॉटल पुढे ढकललं तर इंजिन अडखळेल, म्हणजे तशाच मिश्रणावर उड्डाण होणंच शक्य नाही.

घाटवाट

वॉशरची युक्ती माझ्याही विमानात केली आहे, २५ अंशांचा फरक पडला होता.

एक विनंती. आता उरलेले तीन सिलिंडर उघडू नका. दुसऱ्या महायुद्धात वॉडिंग्टन नावाच्या शास्त्रज्ञाने ब्रिटिश हवाई दलाच्या लिबरेटर विमानांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा ठरलेल्या देखभालीनंतर लगेच बिघाड वाढलेले दिसले. आपण उघडतो आणि काहीतरी बिघडवून बंद करतो. जे चालतंय त्याला हात नको.

जुना_मेकॅनिक

घाटवाट, वॉडिंग्टनचं म्हणणं मी नाकारत नाही. टोपीचे चाळीस मिनिटं त्याचाच पुरावा आहेत. पण चारही सिलिंडरांनी तेच इंधन, तेच तेल, तेच ६१० तास पाहिलेत. आणि ही काही नुसती वेळापत्रकाची उघडझाप नाही, एका व्हॉल्व्हने दाखला दिलाय. माझा आग्रह आहे, मोजून घ्यावं. मोजल्याशिवाय रीमर घालू नये, एवढं तुझ्या बाजूने मान्य.

घाटवाट

काका, मोजायला तरी स्प्रिंगा काढाव्याच लागतात. म्हणजे उघडणं आलंच. पण ३८८ चे ४०० तास उलटून गेलेत, तिथे माझ्याकडे उत्तर नाही.

आकाशकंदील

दोन्ही बाजू वाचून मधला मार्ग काढला: दर शनिवारी एकच सिलिंडर, घाई नाही, प्रत्येकाचे भाग वेगळ्या डब्यात. १ आणि २ मापात, तसेच बंद केले. ४ किमान मर्यादेच्या खाली आला. त्याने अजून लक्षण दाखवलं नव्हतं. रीमर घातलं, तिथूनही काळं निघालं. मग चारही व्हॉल्व्हचं कोरडं अंतर (तेल नसताना रॉकर आणि व्हॉल्व्हमधली फट) मोजलं, ०.०२८ ते ०.०८० इंचाच्या आत आहे.

क्षितिजा यांनी सांगितल्याप्रमाणे शेजारच्या मेकॅनिकला काही न सांगता बघायला लावलं. त्याच्या हाताने ४ नंबरच्या खालच्या प्लगच्या तारेचा नट फिरला. मी बोटाने लावून पाना मारायचा विसरलो होतो.

क्षितिजा

म्हणूनच दुसरे डोळे. पहिल्या उड्डाणाची घाई करू नका. आधी काउल काढून जमिनीवर चालवा, बंद करा, तेल-इंधनाची गळती बघा, काउल लावा. मग एकटेच उडा, तासभर विमानतळाच्या डोक्यावरच घिरट्या, इतक्या उंचीवर की इंजिन बंद पडलं तरी धावपट्टी गाठता येईल. उतरल्यावर पुन्हा काउल काढा.

जुना_मेकॅनिक

आणि तेल बदल. खरवडलेलं काही ना काही आत गेलेलं असतं. दहा तासांनी फिल्टर कापून कागद उलगडून बघ. पुढे दर ५० तासांनी, नाहीतर चार महिन्यांनी, जे आधी येईल ते. थंडीत विमान उभं असलं तरी चार महिने धर.

आकाशकंदील

गेल्या रविवारी उडालो, १ तास १० मिनिटं, विमानतळावरच. चढताना ३ नंबर ३८५, बाकी तिघे ३७५ ते ३८०. गळती नाही.

खरी परीक्षा आज सकाळी होती. बाहेर उणे ६ सेल्सियस. लायकमिंग १० फॅरनहाइटच्या खाली इंजिन आधी तापवायला सांगते, हे त्याच्या वर आहे, म्हणून मुद्दाम हीटर न लावता थंडच ठेवलं. हाताने फिरवलं: दाब, दाब, दाब, दाब. मग सुरू केलं. चारही ईजीटी बरोबरच चढले, मॉनिटरच्या नोंदीत पहिला आणि शेवटचा यांत दोन सेकंदांचं अंतर आहे.

इंजिनाच्या लॉगबुकात लिहिलेलं इथे उतरवतो, गोदाकाठ यांना उपयोगी पडेल: "एकूण तास ६१०. थंड सुरुवातीला सिलिंडर ३ निष्क्रिय. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह गाइडमध्ये अडकत असल्याचे आढळले. स. इ. १४२५ प्रमाणे गाइड ३ व ४ साफ केले. स. बु. ३८८ प्रमाणे चारही मोजले, मापात. सिलिंडर ३ मागील बॅफलमध्ये फट केली. तेल व फिल्टर बदलले. पुढील व्हॉल्व्ह मोजणी: १०१० तास."

गोदाकाठ

उतरवून घेतलं. दादा, १ आणि २ मध्ये मोजलेले प्रत्यक्ष आकडेही लॉगबुकात लिहिलेत का? पुढच्या वेळी तुलना करायला लागतील ना?

आकाशकंदील

नव्हते लिहिले. वहीत पेन्सिलीने आहेत. उद्या हँगरवर जाऊन लॉगबुकात चढवतो.